जुनी हॅचबॅक घेताय? मीटरआधी सीटबेल्ट ओढून पाहा

‘सिंगल ओनर, कमी रनिंग, कंपनी सर्व्हिस’ अशी जाहिरात दिसली की वॅगन-आर किंवा स्विफ्ट शोधणाऱ्याची नजर थेट किमतीवर जाते. पण ती किंमत नेमकी कशावरून ठरवली?

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे सहा लाख एक्स-शोरूम किमतीची कार, कपातीचा पूर्ण लाभ मिळाल्यास, सुमारे पाच लाख ४९ हजारांवर येते. विकणारा मात्र त्याने तेव्हा मोजलेले पैसे धरूनच भाव सांगतो. त्यामुळे घासाघीस आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून करावी. दोन वर्षांची गाडी नव्यापेक्षा लाखभरानेच स्वस्त असेल, तर नवी घेतलेली बरी. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याजही सहसा जास्त असते. खरा फायदा पाच-सहा वर्षांच्या, पण एप्रिल २०२० नंतरच्या म्हणजे बीएस-६ गाडीत आहे.

मीटरवर फार विसंबू नये. डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी बिले पाहावीत. टायरवरचा चार आकडी कोडही बोलका असतो: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. मीटर २० हजार सांगतो आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर जुने टायर कुठे झिजले हे विचारायलाच हवे.

महाराष्ट्रात आणखी एक धोका पुराचा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा असंख्य गाड्याही बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. वायरिंगच्या जोडांमधला गंज मात्र काही महिन्यांनी त्रास देऊ लागतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातकट डाग, सीटखालच्या रुळांना गंज किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ दिसला, तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडा. डॅशबोर्डवर उग्र परफ्युम असेल तर जरा जास्तच वेळ घ्या!

सीएनजी किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ई-चलानची थकबाकी व्यवहाराआधीच तपासा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र गाडीसोबत मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते एजंटकडे सोपवण्याची पद्धत विकणाऱ्यालाच महागात पडू शकते. गाडी अनेक हातांतून गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून आरसीवर नाव बदलेपर्यंत व्यवहारातली काही रक्कम हातात राखून ठेवावी, आणि विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची खात्री परिवहनच्या पोर्टलवर स्वतः करावी.