काळीबरोबर पांढरीही सांभाळू या



गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की कारखाना आता स्वस्थ झोपला असे बाहेरच्या माणसाला वाटते. आपल्याला मात्र ठाऊक आहे की खरी लगबग तेव्हाच सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, कॅरिअरच्या साखळ्या, पंप, पायपा सगळे खोलून साफ होते. चालू हंगामात एक दिवस मिल बंद पडली तर उभा ऊस वाळतो आणि वजन घटते, हे आपण जाणतो. म्हणून ऑफ सीझनच्या दुरुस्तीचा खर्च वार्षिक सभेत वाचला गेला, तर त्यावर सभासद प्रश्न विचारतात, पण दुरुस्तीच नको असे कोणी म्हणत नाही.

मग आमचा साधा सवाल असा, की कारखान्याला आपण जो न्याय लावतो तो राहत्या घराला का लावत नाही?

आपल्या वाडवडिलांनी गावाचे दोन भाग मानले. पिकाची जमीन ती काळी, आणि वस्तीची जमीन ती पांढरी. काळीची आपण जिवापाड राखण करतो. ठिबकची नळी फुटली तर जेवत्या ताटावरून उठतो. कांद्याच्या चाळीवरचा पत्रा वाऱ्याने हलला, तर रात्री बॅटरी घेऊन धावतो, कारण चाळीत पाणी शिरले की कांदा सडतो आणि वर्षाचा पैसा डोळ्यांदेखत जातो. आणि पांढरीतले आपले घर? स्लॅबला ओल दिसली तर "बघू दिवाळीनंतर". पन्हळ गळते तिथे बादली ठेवायची. भिंतीला तडा गेला तर त्यावर कॅलेंडर लावायचे! चाळीतल्या कांद्याचे नुकसान अडत्याच्या पट्टीवर दिसते, घराचे नुकसान कोणत्याच पट्टीवर दिसत नाही, म्हणून ते होतच नाही असे आपण धरून चालतो.

पूर्वी असे चालत नव्हते, कारण चालूच शकत नव्हते. आपल्या चांदवड, देवळा, मालेगाव भागात धाब्याची घरे पुष्कळ होती. खाली तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्या, काड्या, पाला, चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. हे धाबे दरसाल मागणी करायचे. उन्हाळ्यात गवत उपटा, नवी माती टाका, ठोकून बसवा, पन्हळीकडे उतार काढा. देशी कौलांचे घर असेल तर कौले चाळणे आलेच. सगळी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे पाहायचे, पुन्हा बसवायची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तिथली चपटी मंगलोरी कौले सगळीकडे पसरली. ती टिकाऊ खरी, पण त्यांनाही वर्षातून एकदा माणसाचा हात लागायचाच.

हे काम एकट्याचे नव्हे. पेरणीला जशी सावड, तशी छपरालाही सावड. आज तुमच्या घरावर आम्ही, उद्या आमच्या घरावर तुम्ही. घरधनी त्या दिवशी सर्वांना जेवायला घालायचा, आणि त्या एका दिवसात गल्लीतल्या प्रत्येकाला कळायचे की कोणाची तुळई कुजली आहे, कोणाच्या भिंतीला पोट आले आहे आणि कोणाच्या घरात वर चढायला माणूसच उरलेला नाही. विना सहकार नाही उद्धार ही ओळ आज आपल्या कागदपत्रांवर छापलेली असते. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ही कल्पना शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा. सावडीत तो ती पिढ्यान् पिढ्या जगतच होता.

मग पत्रा आला, सिमेंटचा पत्रा आला आणि उसाच्या पैशावर स्लॅबही आले. आम्ही स्लॅबच्या विरुद्ध नाही. मातीच्या घरात ज्यांनी ऑगस्टची संततधार काढली आहे, त्यांना विचारा स्लॅबचे मोल. पण स्लॅबबरोबर एक गैरसमज घरात आला, की आता वर पाहायची गरज नाही. छपरावर चढणे थांबले आणि त्याबरोबर सावडही थांबली.

प्रत्यक्षात स्लॅबही दरसाल मागतो, फक्त तोंडाने बोलत नाही. उतार नीट नसेल तर पाणी साचते. साचलेले पाणी बारीक भेगेतून आतल्या सळईपर्यंत जाते. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की खालचे सिमेंट ढकलून पाडते. घरात झोपलेल्या लेकराच्या अंगावर खपली पडते तेव्हा आपण म्हणतो सिमेंट खराब होते. बरेचदा सिमेंटचा दोष नसतो. चार वर्षे कोणी पन्हळीतला पाला काढलेला नसतो, कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप बोटाएवढे होते तेव्हा उपटलेले नसते. रोप बोटाएवढे असताना काम एका मिनिटाचे, मनगटाएवढे झाल्यावर गवंड्याचे.

गळती लागली की गावात कोणी तरी येतो आणि रंगासारखे औषध लावून दहा वर्षांची हमी देतो. अशी औषधे वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. पण सवाल क्रमाचा आहे. आधी उतार, मग भेगा, मग विटांचा कोबा फुगला असेल तर तो, आणि शेवटी वरचा लेप. पाणी साचणाऱ्या जागेवर नुसता लेप देणे म्हणजे बांध फुटलेल्या शेतात खत टाकणे. हमी द्यायचीच असेल तर ती लेखी घ्यावी, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून द्यावा. पत्रा घेतानाही "जाड देतो" या शब्दावर जाऊ नये. जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्यावी.

पाणी कोणाचीच गय करत नाही. आपल्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल उभा आहे. नक्षीचे लाकडी खांब, दगडी तट, भिंतींवरची चित्रे. अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे झाली, म्हणून बाहेरगावचे लोकही तो पाहायला येतात. एवढ्या मजबूत वास्तूचीही दुरुस्ती हाती घ्यावी लागली. मग आपल्या चार खोल्यांनी कशाच्या जोरावर निर्धास्त राहावे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घराची आतली बाजू आपली, पण बाहेरची बाजू गल्लीचीही असते. आपल्या पन्हळीचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीच्या पायात जाते. आपला सैल पत्रा वळवाच्या वाऱ्यात उडाला तर तो आपल्या अंगणात पडेल असे नाही. पागोळीच्या पाण्यावरून भावाभावांत किती वितुष्ट आले आहे, हे गावात वेगळे सांगायला नको. इझमेंट ॲक्ट म्हणून वकील मंडळी ज्याला ओळखतात, त्या १८८२ च्या कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने असे हक्क मिळतात. म्हणून एक जण वीस वर्षे पुरी व्हायची वाट पाहतो आणि दुसरा ती होऊ नयेत म्हणून कोर्टाची पायरी चढतो. दोन हातांचा पाईप आणि एक कोपरा एवढ्यात जे मिटले असते, त्यावर तारखा पडत राहतात. सावडीच्या दिवशी दोघेही एकाच छपरावर उभे असते, तर पाणी कुठे जाते ते दोघांनाही दिसले असते.

दुसरे असे, की ज्याच्या घरात चढणारा माणूस नाही त्याचे काय? मुलगा नाशिकला किंवा पुण्याला नोकरीला, घरी सत्तरीचे आई-वडील. किंवा पती गेलेली भगिनी, नावावर थोडेसे शेअर्स आणि डोक्यावर आजेसासऱ्याच्या काळचे धाबे. घरकुलाच्या योजना घर बांधायला मदत करतात, पण पुढची वर्षानुवर्षांची डागडुजी घरच्यांवरच राहते. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे मातीची भिंत रात्रीतून बसल्याची आणि खाली माणसे सापडल्याची बातमी आपण वाचतो. ती भिंत एका रात्रीत ओली झालेली नसते. शेजारी रोज तिच्याजवळून जात असतात.

म्हणून आमची सूचना अशी. अक्षय तृतीया ते रोहिणी नक्षत्र या दरम्यान, मृगाच्या आधी, प्रत्येक गावातील सभासदांनी एक दिवस छपरांच्या सावडीचा ठरवावा. गल्लीतली सर्व छपरे त्या दिवशी पाहावीत, पन्हळी साफ कराव्यात, रोपे उपटावीत, हुक आणि वायसर घट्ट करावेत. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून तिथे नीट हुक बसवावेत. वादळात तो दगडच माणसाचा जीव घेतो. चढायला माणूस नाही अशा घरांपासून सुरुवात करावी. मोठी शिडी, दोर, फळ्या आणि सिमेंट कालवायची पाटी-फावडी असा एक संच गावच्या सोसायटीत ठेवावा. कारखान्याच्या सिव्हिल विभागाने प्रत्येक गटात एकदा माणूस पाठवून उतार कसा पाहावा आणि भेग कशी भरावी हे दाखवावे. हे वार्षिक सभेत मांडायला आम्ही तयार आहोत. आणि हो, यासाठी ऊसबिलातून आणखी एक कपात नको! आहेत त्या कपाती पुरे आहेत. इथे हवा आहे तो एक दिवसाचा घाम.

कोणाचे घर आधी घ्यायचे हे ठरवताना घरातल्या भगिनींना विचारावे. पावसात रात्री उठून गळतीखाली पातेली मांडणारी तीच असते, पोतेरा देताना भिंतीची ओल सर्वांत आधी तिच्याच हाताला कळते. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्या गावच्या परिसरात घराच्या दुरुस्तीचा निर्णय फक्त ओट्यावर बसलेल्या पुरुषांनी घ्यावा हे शोभत नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या स्पष्ट सांगतो. सिमेंटच्या पत्र्यावर कोणीही थेट पाय देऊ नये. वरून दणकट दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. खालच्या कैच्यांवर टेकेल अशी लांब फळी टाकूनच वर जावे. दुसरे, जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ छातीत गेली तर पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि जगातल्या पन्नासाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. असा पत्रा कोरडा घासू नये, कापू नये, फोडून रस्त्यात भर म्हणून टाकू नये. चाळींवर हा पत्रा बराच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

छपराची निगा राखली तर ते देणेही देते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद छपरावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर २०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १६,००० लिटर उरते. ज्या तालुक्यात आपण टँकरच्या रांगेत हंडे लावले आहेत, तिथे हे पाणी पन्हळीतून गटारात सोडायचे? पहिला पाऊस वाहू द्यावा, मग जाळीतून टाकीत किंवा विहिरीच्या बाजूच्या खड्ड्यात घ्यावे. फक्त ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी वापरू नये. स्लॅबला उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर खालची खोलीही थंड राहते. अहमदाबादच्या महापालिकेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे अशीच पांढरी करण्याचे काम हाती घेतले. आपल्याला चुना काही परका नाही.

शेवटी, ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीपर्यंत पोचतो त्यांच्याविषयी. हंगामात चार-पाच महिने ही कुटुंबे आपल्याच गावाच्या शिवारात कोपी करून राहतात. वर पाचट किंवा ताडपत्री, आत चूल आणि लेकरे. आपल्या फडाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या कोप्यांना उंचवट्याची जागा, धड ताडपत्री, आग लागू नये इतके दोन कोप्यांमधले अंतर आणि हाताशी पाण्याची टाकी एवढे तरी आपल्या सावडीत बसले पाहिजे. ते आपल्या मतदार यादीत नसतील, पण हंगामापुरते आपल्या पांढरीत राहतात.

रोहिण्या लागायला फार दिवस नाहीत. येत्या गटसभेत इतर विषयांबरोबर हा एक विषय घ्यावा, दिवस ठरवावा आणि गावच्या फलकावर लिहून टाकावा. ज्या गावात सावड होईल तेथील सभासदांनी किती छपरे पाहिली आणि काय आढळले ते आम्हांस जरूर कळवावे. पुढील अंकात ते आनंदाने छापू.