जमिनीचे कायदे आणि न पोचलेली नोटीस

शेताच्या बांधाला भगदाड पडले, तर शेतकरी त्याच दिवशी फावडे घेऊन निघतो. परंतु सातबाऱ्यावर नवी नोंद पडली, तर तिची वार्ता त्यास अनेक वर्षे नसते. कायदा वकिलाने वाचावयाचा, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. ती घातक आहे.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला तालुक्याचे नाहूर हे गाव आज शहरात मिसळले आहे. तथापि जमिनीच्या दप्तरात त्याचे नाव गाव म्हणूनच चालते. या गावापासून जवळच असलेल्या विक्रोळीच्या जमिनीचे प्रकरण प्रत्येक खातेदाराने समजून घेण्याजोगे आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) खाली १९५६-५७ मध्ये तेथील जमिनीसंबंधी नोटीस काढण्यात आली होती. पुढे महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम आला. त्यान्वये ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे निहित झाली, आणि अशी नोटीस निघालेल्या जमिनींचाही त्यांत समावेश होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २००६ च्या सुमारास, त्या जुन्या नोटिशीचा आधार घेऊन विक्रोळीची जमीन वन ठरविण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये शासनाची बाजू मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या अपिलात तो निर्णय फिरविला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे व त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

वनरक्षणाचा हेतू योग्य आहे, याबद्दल दुमत नाही. डोंगरावर झाडी राहिली तरच खालच्या विहिरींना पाणी राहील. परंतु हेतू चांगला असला, तरी ज्याची जमीन जावयाची त्यास आधी कळविण्याचे कर्तव्य टळत नाही. शिवाय मोठी कंपनी दिल्लीपर्यंत दाद मागू शकते. दोन एकरांच्या धन्यास ते साधणारे नाही. याच १९७५ च्या अधिनियमात कलम २२-अ अन्वये लहान खातेदारास १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. ज्यांच्यासाठी ती केली, त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही, तर तिचा उपयोग काय?

म्हणून लहान शेतकऱ्याचे खरे संरक्षण गावातच झाले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची प्रत चावडीत लावावी लागते व संबंधितांस लेखी नोटीस द्यावी लागते. हरकत आल्यास ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. फेरफारावरील आदेश मान्य नसेल, तर सामान्यतः ६० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. जो गप्प बसतो, त्याच्या विरुद्धची चुकीची नोंदही अशा रीतीने बळकट होत जाते.

वारसाहक्काची गोष्टही तशीच आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातील मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. तरी बहिणींची नावे वगळून वारसनोंद करण्याचा आग्रह अजून धरला जातो. त्यातून उठणारे दावे पुढच्या पिढीची जमीन व पैसा दोन्ही खातात.

कायदा गावास समजावून सांगणे हे बियाण्यांची माहिती देण्याइतकेच ग्रामसेवकाचे व महसूल कर्मचाऱ्याचे काम मानले पाहिजे. चावडीवर लावलेला कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा; सही घेण्यापूर्वी त्याचा अर्थ सांगावा. शेतकरी बंधूभगिनींनीही पेरणीपूर्वी दरवर्षी सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यासह तो संपूर्ण वाचावा, आणि हाती आलेली प्रत्येक नोटीस तारीख घालून जपून ठेवावी. न कळलेल्या कागदावर अंगठा वा सही करू नये. त्याचा अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. तो विचारणाऱ्याचा हक्क आहे.