लाल दिव्याखालचा षड्ज

संगीतश्रवणाचे जे अनेक मार्ग यंत्रयुगाने सामान्य माणसाला खुले करून दिले, त्यांपैकी एक मला इतर सर्वांहून अधिक प्रिय आहे. आणि तो म्हणजे नभोवाणीच्या स्टुडिओत बसून गवयाने ज्या क्षणी षड्ज लावावा, त्याच क्षणी तो आपण आपल्या घरात बसून ऐकावा, हा होय. मैफलीचे मला वावडे नाही, आणि तबकड्यांचा बऱ्यापैकी संग्रहही मी बाळगून आहे. परंतु मैफलीत गवई समुदायाच्या स्वाधीन असतो आणि तबकडीत तो भूतकाळाच्या स्वाधीन असतो. स्टुडिओतून प्रत्यक्ष होणाऱ्या गायनात मात्र तो केवळ आपल्या विद्येच्या आणि भिंतीवरील घड्याळाच्या स्वाधीन असतो, आणि ही अवस्था त्याच्याकडून जे काही काढून घेते त्याहून कितीतरी अधिक देऊन जाते, असे माझे दीर्घकालीन श्रवणानंतर बनलेले मत आहे.

या स्टुडिओची रचनाच मुळी विरक्त वृत्तीची. बाहेरचा रव आत येऊ नये म्हणून एकामागे एक अशी दोन जाड दारे, आतला स्वर भिंतींवर आपटून परतू नये म्हणून ध्वनिशोषक आच्छादन, काचेच्या तावदानापलीकडे बसलेला तंत्रज्ञ, आणि ध्वनिक्षेपण सुरू झाल्याची वर्दी देणारा लाल दिवा. तो दिवा लागला की खोकण्याचीही मुभा नाही. गवयापुढे रसिकांची बैठक नसते, म्हणून समेवर मान डोलवणारे कोणी नसते, एखादी अवघड तान सुटल्यावर उत्स्फूर्त दाद येत नाही, आणि फर्माईशही येत नाही. दाद ही मैफलीची संजीवनी खरी. परंतु जी तान एकदा टाळी घेऊन गेली ती पुन्हा घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, हेही तितकेच खरे. स्टुडिओत या मोहाला कारणच उरत नाही. तेथे तानपुऱ्याचे झंकारणे हीच काय ती साक्ष, आणि म्हणूनच मैफली जिंकण्याबद्दल ज्यांचा लौकिक होता असे कित्येक गवई नभोवाणीवर गाताना अधिक अंतर्मुख, अधिक संथ आणि स्वरांशी अधिक प्रामाणिक झालेले मी ऐकले आहेत.

आता घड्याळाचे. जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गायन मावत असे, आणि त्या अवधीत विलंबित ख्यालाची बढत करणे म्हणजे अशक्यप्रायच. म्हणून अव्वल दर्जाच्या गवयांनाही तबकडीसाठी द्रुत चीज, ठुमरी किंवा नाट्यपद यांचाच आश्रय करावा लागला. उलटपक्षी मैफलीत काळाला मोजमापच नाही, आणि जेथे मोजमाप नाही तेथे पुनरुक्तीला अटकावही नाही. नभोवाणीने वीस मिनिटांची, अर्ध्या तासाची, क्वचित त्याहून मोठी अशी मुदत मुक्रर केली, आणि या मधल्या मापाने ख्यालाला एक नवी शिस्त लावली. एकतालातील विलंबित बंदिशीची दोन-चार आवर्तने आलापीला द्यावयाची, बोलअंगाला जागा ठेवावयाची, तानांचा पसारा आवरावयाचा, आणि द्रुत चिजेची शेवटची तिहाई निवेदकाच्या आवाजाआधी समेवर आणून ठेवावयाची, हे सारे करताना घाई मात्र कोठे दिसू द्यावयाची नाही. हे साधणाऱ्या कलावंताच्या ठायी मला सुनीतरचनेतील कवीचा संयम दिसतो.

या प्रकाराचा आपल्याकडील इतिहास मुंबईपासून सुरू होतो. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच कंपनीचे दिवाळे वाजले आणि सरकारला ते खाते आपल्या हाती घ्यावे लागले. ८ जून १९३६ पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्या आरंभीच्या काळात चुंबकीय ध्वनिफीत नव्हतीच, म्हणून वाजवलेल्या तबकड्या वगळल्यास जे काही गायनवादन ऐकू येई ते त्याच क्षणी स्टुडिओत घडत असे. टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून मिळवलेल्या परवान्यावर श्रोता नाक्यावरच्या हॉटेलातील किंवा शेजारच्या वाड्यातील यंत्राभोवती जमलेल्या दहाजणांसह जे ऐकत असे, ते आजच्या भाषेत थेट प्रक्षेपण होते. फरक इतकाच की त्याला दुसरा पर्यायच नव्हता. पुढे संस्थाने विलीन झाली, दरबारी गवयांच्या सनदा आणि वेतने संपुष्टात आली, आणि ज्या विद्येला बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या राजवाड्याने पोसले होते तिला पोसण्याचे दायित्व बव्हंशी नागपूर, पुणे, धारवाड, इंदूर येथील केंद्रांवर येऊन पडले. राजाची मर्जी जाऊन त्या जागी करारपत्र आले. त्यात काव्य कमी झाले असेल. परंतु दरबाराच्या पायरीशीही ज्याला कोणी उभे केले नसते अशा शाळामास्तराला आणि गिरणी कामगाराला तेच गाणे घरबसल्या ऐकण्याचा अधिकार मिळाला, हा लाभ मी मोठा मानतो.

सरकारी आश्रयाबरोबर सरकारी फर्मानेही आली. १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला नभोवाणीवर मज्जाव झाला आणि तो शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. कारण असे देण्यात येई की या पेटीचे ठराविक पट्ट्यांत बांधलेले स्वर आपल्या श्रुतींना आणि मींडेला पारखे आहेत. परिणाम असा झाला की पेटीवाल्यांच्या पोटावर पाय आला आणि सारंगीला काही दशके जीवदान मिळाले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आली. हे गृहस्थ स्वतः संगीत शिकलेले, आणि अभिजात संगीताविषयीचा त्यांचा आग्रह इतका प्रखर की चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार काही काळ जवळजवळ बंदच झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे शनिवारची रात्र म्हणजे दीड तास एकच कलावंत, हा शिरस्ता देशभरच्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडला. श्रवणचाचणी आणि श्रेणी यांचे दफ्तरही याच काळात वाढले, आणि ज्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची होती अशांना परीक्षकांपुढे उभे राहावे लागल्याने असंतोषही पुष्कळ माजला. त्याआधीच, खाजगी आयुष्याचे निमित्त पुढे करून ज्या गायिकांना दार बंद करण्यात आले, त्यांच्यावर तर उघड अन्याय झाला. ज्यांच्या कंठांनी नभोवाणीचे आरंभीचे कार्यक्रम सजले होते त्यांनाच सोवळ्याओवळ्याच्या कसोटीवर नाकारणे, यात संगीताची सेवा कोणती झाली हे मला आजतागायत उमगलेले नाही.

परंतु या सर्व जमाखर्चात एक जमा अशी आहे की जिची नोंद फारशी कोणी घेत नाही. आपल्या मैफली बहुधा दिवेलागणीनंतर भरतात. त्यामुळे यमन, बिहाग, बागेश्री, मालकंस, दरबारी ही मंडळी श्रोत्याच्या नित्य परिचयाची, आणि दुपारचे राग मात्र केवळ पुस्तकात वाचावयाचे, अशी स्थिती होण्यास वेळ लागला नसता. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये विभागलेला. एकाच कलावंताला एकाच दिवशी सकाळच्या आणि पुन्हा रात्रीच्या, कधी दुपारच्याही सभेसाठी पाचारण करण्याची तेथे वहिवाट होती. रागसमयाचे बंधन पाळावयाचे म्हटल्यावर गवयाला देशकार आणि बिलावलाचे प्रकारही तयार ठेवावे लागले, शुद्ध सारंग आणि गौडसारंगही उजळावे लागले, आणि उन्हे कलताना मुलतानीच्या कोमल ऋषभाशी पुन्हा सलगी करावी लागली. जेवणानंतरच्या सुस्तीत, बाहेर ऊन रणरणत असताना, स्टुडिओतून त्याच वेळी उमटलेला वृंदावनी सारंग ज्याने ऐकला आहे, त्याला रागाचा आणि प्रहराचा संबंध कोणी वाद घालून पटवून देण्याचे कारण उरत नाही. आणि प्रत्येक गायनाआधी निवेदक रागाचे, तालाचे व साथीदारांचे नाव सांगत असल्यामुळे, गुरूची पायरी कधीही न चढलेल्या हजारो माणसांना राग ओळखण्याची दृष्टी आली.

निर्बंधातून कला कशी फुलते याचा दाखला परदेशातही सापडतो. इंग्लंडमधील वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे बी.बी.सी.ला तबकड्या वाजवण्यास दिवसाकाठी मोजक्याच तासांची सवलत असे; उरलेला वेळ भरून काढण्यासाठी वादकांना स्टुडिओत बोलावणे क्रमप्राप्त झाले. त्यातूनच १९६२ ते १९६५ या काळात बीटल्सनी बी.बी.सी.साठी अडीचशेहून अधिक वेळा गीते सादर केली, आणि त्यांपैकी तीसहून अधिक गीते त्यांनी त्या काळी तबकडीवर कधी आणलीच नाहीत. पुढे जॉन पील या निवेदकाने १९६७ पासून २००४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत हीच प्रथा जोपासली, आणि लंडनच्या माइडा व्हेल येथील स्टुडिओत एका दिवसात चारेक गाणी उरकून गेलेल्या कित्येक अनोळखी तरुणांची नावे पुढे जगभर झाली. ही गाणी बहुधा मुद्रित करून मग ऐकवली जात, हे खरे. तथापि घासूनपुसून गुळगुळीत करण्यास अवधी नसल्यामुळे त्यांत घडत्या क्षणाचा ताजेपणा उतरला.

आपल्या केंद्रांवर मात्र मुद्रण ही आता सोयीची बाब झाली आहे आणि सोयीने प्रथेला हळूहळू बाजूस सारले आहे. गवयाने सवडीने यावे, गाऊन जावे, आणि फीत पुढे कधीतरी वाजावी, यात कोणाचीच गैरसोय नाही. जुन्या मुद्रणांचे मोल मी जाणतो. प्रसार भारतीने ती प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले आणि २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी रागम ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीतवाहिनी सुरू केली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तथापि फितीवरील गायनाचा शेवट आधीच ठरलेला असतो. प्रत्यक्ष गायनात तार तुटू शकते, आवाज बसू शकतो, आणि क्वचित असेही घडू शकते की जे त्या गवयाने स्वतःही पूर्वी कधी गायिले नव्हते ते त्याच्या कंठातून उमटावे. या तिन्ही शक्यता खुल्या असतात म्हणूनच श्रोता सावध होऊन बसतो.

माझी मागणी म्हणून माफकच आहे. प्रत्येक केंद्राने आठवड्यातून एक सभा, आणि शक्यतो दुपारची, स्टुडिओतून प्रत्यक्ष द्यावी, व तिची वेळ आगाऊ जाहीर करावी. स्टुडिओ आहेत, तानपुरे आहेत, गाणाऱ्यांची तर वाणच नाही. नवी इमारत नको की नवी जमीन नको. हार्मोनियमला तीन दशके गप्प बसवण्यास जर एक हुकूम पुरला, तर तो लाल दिवा पुन्हा लावण्यासही एक हुकूम पुरावा.