झोपेचे माप घेणाऱ्यांनी आपले मापही पुरे द्यावे

शनिवार पेठेत छपाईचा छोटा व्यवसाय करणारे आमचे एक स्नेही दुपारी मशीनपाशी बसल्या बसल्या डुलक्या घेत असत. घोरण्यावरून घरात थट्टा होई. अखेर डॉक्टरांनी रात्रभर झोपेची तपासणी करून घेतली, तेव्हा कळले की झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडकतो. या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि हे रात्रभर चालते. माणूस अंथरुणावर आठ तास असतो, पण त्याची झोप होत नाही. रक्तदाब वाढतो, गाडी चालविताना डोळा लागतो.

यावर सीपॅप नावाचे यंत्र आहे. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने ते श्वासमार्ग उघडा ठेवते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. आमच्या स्नेह्यांना यंत्राची किंमत चाळीस हजारांच्या वर सांगण्यात आली. आरोग्य विम्याचा हप्ता ते वर्षानुवर्षे भरत होते. विमा कंपनीने कळविले, घरी वापरावयाच्या उपकरणाचा खर्च मिळणार नाही.

हे उत्तर नियमाला धरूनच आहे. आपल्याकडील बहुतेक पॉलिसींत सीपॅप यंत्र न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत मोडते. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात राहिल्यास तो खर्चही प्रमाणित कलमांनुसार वगळला जातो. पण याच कलमांत वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची अट पाहा. बीएमआय ३५ किंवा अधिक असून तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ती शस्त्रक्रिया वगळता येत नाही. म्हणजे आजार लाखांच्या शस्त्रक्रियेसाठी खरा आणि हजारांच्या यंत्रासाठी नाही! हा कोणता हिशेब?

उद्या कंपन्या यंत्राचा खर्च देऊ लागतील, तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहील. आजची बहुतेक यंत्रे वापराचे तास, मास्कमधील गळती आणि अडकलेल्या श्वासांची संख्या नोंदवितात. अनेक यंत्रे ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून परस्पर पाठवितात. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याची अट अशी, की पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांचा असा काळ दाखवावा, ज्यात ७० टक्के रात्री किमान चार तास यंत्र वापरले गेले. अट न भरल्यास पुढचे पैसे थांबतात. अनेक खासगी कंपन्यांनीही हेच माप उचलले. आपल्याकडे पावले मोजून हप्त्यात सवलत देणाऱ्या पॉलिसी आल्याच आहेत. पावलांनंतर श्वास मोजला जाण्यास वेळ लागणार नाही.

यंत्र कपाटात पडून राहणार असेल तर त्याचे पैसे का द्यावेत, हा कंपनीचा प्रश्न रास्त आहे. तो पैसा इतर विमाधारकांचाही आहे. परंतु आकड्याला कारण कळत नाही. रमजानमध्ये तरावीहनंतर उशिरा झोपणारा आणि सेहरीला उठणारा माणूस चार तास कोठून आणणार? सर्दीने नाक बंद असेल, मास्क बसत नसेल, रात्रपाळी असेल, वीज गेली असेल, तर तो दोष रुग्णाचा कसा?

फ्रान्समध्ये २०१३ साली सरकारने अशीच अट घातली होती. रुग्ण संघटना न्यायालयात गेल्या आणि २०१४ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली. रुग्णाने यंत्र किती वापरले यावर खर्चाची भरपाई अवलंबून ठेवण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही, असे न्यायालयाने ठरविले.

विमा शरिअतच्या दृष्टीने कितपत योग्य, याविषयी उलेमांत मतभेद आहेत. तो वाद येथे नको. परंतु आपल्यातील असंख्य नोकरदार मालकाच्या गटविम्यात आपोआप येतात. म्हणून करारातील न्याय हा सर्वांचाच विषय आहे. घेताना पुरे माप घेणारे आणि देताना कमी देणारे यांना सूरह मुतफ्फिफीनने कडक इशारा दिला आहे. रुग्णाच्या श्वासाश्वासाचा हिशेब घेणारा आणि यंत्राचे पैसे देताना हात आखडणारा व्यवहार याहून वेगळा कसा?

आमचे म्हणणे सरळ आहे. आधी कंपन्यांनी यंत्राचा खर्च, निदान भाडे, पॉलिसीत घ्यावे. वापराची माहिती डॉक्टरकडे जावी आणि ती उपचार सुधारण्यासाठी वापरावी. वापर कमी दिसला तर प्रथम मास्क बदलून पाहावा, कारण विचारावे. दावा बंद करणे हा शेवटचा मार्ग असावा. ही माहिती म्हणजे अमानत आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी, असे म्हटले आहे. बारीक अक्षरांतील सही म्हणजे संमती नव्हे.

वाचकांनीही आपली बाजू स्वच्छ ठेवावी. प्रस्ताव अर्जात निदान झालेला आजार लपवू नये. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी वर येते. यंत्र घेताना माहिती कोणाकडे जाते, ते विचारावे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. पुण्याचे लोकपाल कार्यालय शनिवार पेठेला लागून असलेल्या नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. आपल्या दुकानदारांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

आमच्या स्नेह्यांनी यंत्र अखेर स्वतःच्या पैशाने हप्त्यांवर घेतले. आता दुपारी ते मशीनपाशी जागे असतात. विम्याचा हप्ता मात्र अजून भरतातच.