मोलकरीण टिकत का नाही?

शहरातील मध्यमवर्गीय घरात चार माणसे जमली की महागाईखालोखाल ज्या विषयावर सहज एकमत होते तो विषय म्हणजे कामाला बाई मिळत नाही आणि मिळाली तर टिकत नाही. ती खाडे फार करते, न सांगता गावाला जाते, उचल घेऊन काम सोडते, शेजारच्या इमारतीत थोडे जास्त मिळाले की पाठ फिरवते, असे या फिर्यादीचे स्वरूप असते. फिर्याद करणाऱ्यांत पुरोगामी चळवळीत वावरणारी माणसेही असतात, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. कारखान्यातील कामगाराच्या बोनसला जो कार्यकर्ता लांबणीवर पडलेले वेतन मानतो आणि त्यासाठी मोर्चात चालतो, तोच आपल्या घरच्या मोलकरणीच्या बोनसला दिवाळीची ओवाळणी म्हणतो. हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. पहिला शब्द हक्काचा आहे, दुसरा कृपेचा.

तथापि ही फिर्याद खोटी आहे असे म्हणून भागणार नाही. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, मूल लहान आहे, अशा घरात सकाळी सात वाजता बाई आली नाही तर दिवसाची सारी घडी विस्कटते. आणि ती विस्कटली की रजा टाकावी लागते ती बहुधा घरातल्या स्त्रीलाच. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना स्त्रियाच उभ्या आहेत. एकीच्या न येण्याने दुसरीची नोकरी धोक्यात येते, आणि दुसरीच्या काटकसरीने पहिलीची चूल अडते. पुरुष मात्र या भांडणात बहुतेक वेळा वर्तमानपत्राआडून पंचाची भूमिका करतो.

कोणत्याही कारखान्यात कामगार टिकत नसतील तर विचारी माणूस प्रथम कामाच्या अटी पाहतो. घरकामाच्या अटी कोणत्या? एक बाई दिवसाला चार-पाच घरे करते. कोठे धुणे-भांडी, कोठे केर-फरशी, कोठे पोळ्या. मोबदला कामागणिक, महिन्याच्या बोलीवर. पाहुणे आले, भांडी दुप्पट झाली, तरी दर तोच. दोन घरांमधली पायपीट कोणाच्याच हिशेबात नाही. आजारपणाची रजा नसल्यामुळे तिच्या तापाची नोंद खाड्यात होते. बँक तिला कर्ज देत नाही, म्हणून मुलीच्या लग्नाला किंवा नवऱ्याच्या दवाखान्याला ती ज्यांच्याकडे काम करते त्यांच्याकडूनच उचल घेते, आणि मग ती फिटेपर्यंत पगारवाढीचा शब्द काढता येत नाही. ज्या कामगाराला वाटाघाट करण्याची सोय नाही, तक्रार ऐकणारे कोणी नाही, त्याच्या हाती एकच हत्यार उरते. ते म्हणजे काम सोडणे. 'बाई टिकत नाही' ही मालकाची तक्रार आहे खरी, परंतु त्या बाईपुरता तोच एक संप आहे.

या व्यवसायाचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. जुन्या मुंबईत घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत. म्हणजे त्याला स्वतःचे नावही नसे. पुरुषांना गिरण्यांत, कचेऱ्यांत बरी मजुरी मिळू लागली तसे ते या कामातून निघून गेले आणि त्यांची जागा बायकांनी घेतली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतील कुटुंबे शहरांच्या कडेला आणून टाकली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत अनेक संपकरी घरांतील बायका प्रथमच दुसऱ्यांच्या घरची भांडी घासू लागल्या. अर्थ स्पष्ट आहे. ज्याला दुसरा मार्ग सापडला तो या कामातून बाहेर पडला आणि ज्याचा दुसरा मार्ग बंद झाला तो या कामात आला. ज्या व्यवसायात माणसे केवळ निरुपायाने येतात, तेथे उपाय सापडताच ती निघून जाणार, यात नवल ते काय?

परंतु या कामाची किंमत इतकी कमी का? पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक विसंगती नोंदवली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. भाकरी तीच, ती भाजणारे हात तेच. फक्त वेतन थांबले, म्हणून देशाच्या हिशेबातून ते काम नाहीसे झाले. विद्यार्थ्यांना ही गंमत म्हणून सांगितली जाते. पण मोलकरणीच्या दराचे मर्म तिच्यातच आहे. घरातली स्त्री हे काम फुकट करते, म्हणून तिच्या ऐवजी जी करते तिलाही जवळजवळ फुकटच करावे लागते. गृहिणीच्या बिनमोल श्रमाने मोलकरणीच्या वेतनाची कमाल मर्यादा ठरवून ठेवली आहे. त्यात जातीची भर पडते. भांडी घासणे, संडास धुणे ही कामे कोणी करायची हे ज्या समाजात जन्माने ठरत आले, तेथे त्यांचा दर केवळ मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. मोलकरणीचा वेगळा कप अनेक घरांत अजूनही फडताळाच्या खालच्या खणात असतो.

संघटना झाली तर हे चित्र बदलू शकते, हे पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली दाखवून दिले. कोणा पुढाऱ्याच्या आदेशावाचून त्यांनी काम बंद केले आणि त्या संपातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, पगारी सुटी, आजारपणाची रजा, दिवाळीला बोनस, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्या वस्तीत बायकांनी एकमेकींच्या जागी बदली म्हणून जायचे नाही असे ठरवले, तेथे मालकिणींना बोलणी करावी लागली. विखुरलेल्या, घराच्या चार भिंतींआड एकेकट्या राबणाऱ्या कामगारांची संघटना होऊच शकत नाही, हा सिद्धान्त तेव्हाच मोडीत निघाला.

कायद्याची पावले मात्र गोगलगायीची. घरकामगारांसाठी कायदा व्हावा म्हणून संसदेत १९५९ सालापासून खासगी विधेयके आली आणि गेली. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला, मंडळ अवतरले २०११ साली, आणि पुढे कित्येक वर्षे ते नावापुरतेच उरले. या कायद्याने कल्याण दिले, वेतनाला हात घातला नाही. कर्नाटकाने त्याआधीच, २००४ साली, घरकामाला किमान वेतन लागू केले होते. २०११ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अधिकृत मान्यता अद्याप दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या कायद्याचा विचार करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ज्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. एका हाताने समिती, दुसऱ्या हाताने दार बंद.

याची किंमत काय असते ते करोनाच्या साथीत दिसले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सोसायट्यांची फाटके मोलकरणींना बंद झाली. काही घरांनी घरबसल्या पगार दिला. अनेकांनी दिला नाही, आणि तो मागण्याचा हक्क कोणत्याच कागदावर नव्हता. २०२१ साली राज्य शासनाने घरेलू कामगारांना १५०० रुपये साहाय्य जाहीर केले, तेही नोंदीत असलेल्यांना. ज्यांची नोंदणी झालीच नव्हती किंवा नूतनीकरणावाचून सरकारी भाषेत 'जीवित' राहिली नव्हती, त्या जिवंत असूनही यादीबाहेर राहिल्या.

आता बाजाराने आपला तोडगा पुढे केला आहे. २०२५ साली मुंबईत मोबाइलवर बटण दाबताच पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पोचवण्याची जाहिरात झळकली. त्यात सोय आहे, आणि ठरावीक तासांचा ठरावीक दर हा जुन्या मोघमपणापेक्षा बरा, हेही कबूल करावे. परंतु हा टिकण्याच्या प्रश्नाला दिलेला बगल देणारा जवाब आहे. बाई टिकत नाही ना, मग रोज नवी घ्या. वर्षानुवर्षे एका घरात राबून जो थोडा हक्क, थोडी ओळख ती कमावते, ती या व्यवहारात आपोआप पुसली जाते.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. घर म्हणजे कारखाना नव्हे, तेथे नफा होत नाही, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने किमान वेतन कोठून द्यावे? आक्षेपाचा पहिला भाग टिकणारा नाही. मोलकरीण दोन तास देते म्हणून घरातील कोणी दुसऱ्या ठिकाणी ते दोन तास विकू शकते. त्या दोन दरांमधला फरक घरातच राहतो. दुसरा भाग मात्र काही घरांपुरता खरा आहे. परंतु गरीब म्हाताऱ्यांची शुश्रूषा त्याहून गरीब बाईने सवलतीच्या दरात करावी, हे त्याचे उत्तर नव्हे. पाळणाघरे, वृद्धांची देखभाल, स्वस्त भोजनगृहे ही सार्वजनिक जबाबदारी मानावी लागेल. आणि धडधाकट पुरुषांनी स्वतःचे ताट स्वतः घासण्यास तर कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

मालक अनेक आणि कामगार एक, ही अडचणही महाराष्ट्राला नवी नाही. हमालाचा मालक तरी एक कोठे असतो? तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार व शासन यांची त्रिपक्षीय मंडळे बनवली, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय केली. हमालांच्या पाठीवरच्या पोत्याचा हिशेब जर मंडळ ठेवू शकते, तर पाच घरांतल्या भांड्यांचा का नाही? प्रत्येक सोसायटीने कामावरच्या बायकांची नोंद मंडळाकडे करावी, प्रत्येक घराने पगारासोबत ठरावीक हिस्सा भरावा, वस्तीगणिक दरपत्रक जाहीर असावे. सोसायट्यांच्या फाटकावर आज त्यांच्या नोंदी होतातच, पण त्या चोरीच्या संशयाने. हक्कासाठी का होऊ नयेत?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कार्यकर्त्यांच्या घरांनी थांबण्याचे कारण नाही. कामाचे स्वरूप आणि तास कागदावर लिहून त्याची एक प्रत तिला द्यावी. आठवड्याची सुटी, आजारपणाची पगारी रजा, दर वर्षी महागाईनुसार वाढ, दिवाळीला एक महिन्याचा पगार, काम थांबवायचे तर महिन्याची आगाऊ सूचना, एवढे प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. उचल दिली तर तिचा हप्ता दोघांच्या संमतीने ठरावा. वेगळा कप आजच काढून टाकावा. मंडळाकडे तिची नोंदणी झाली आहे की नाही हे विचारावे, नसेल तर एक दिवस तिच्यासोबत कचेरीत जावे. आणि तो दिवस खाड्यात धरू नये. तिने संघटनेच्या सभेला जायचे म्हटले तर त्या वेळची भांडी घरच्यांनी घासावीत.

असे केल्याने बाई नक्की टिकेल काय? बहुधा टिकेल, पण उद्या तिला किंवा तिच्या मुलीला याहून चांगले काम मिळाले आणि ती निघून गेली, तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देणाऱ्या चळवळीची परीक्षा सभागृहात होत नसते. ती सकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या मोरीत होते, आणि तिचे गुण देणारी बाई पाच घरे करत असते.