आपला संघ कोणता?

गेल्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही मंदिराबाहेरील कडुनिंबाच्या सावलीत उभे होतो. धर्मग्रामातील एक माउली जवळ आली. चेहरा उतरलेला. आम्हांस वाटले, घरात कोणी आजारी असावे. ती म्हणाली, "काका, तुम्ही फुटबॉलचे वेडे म्हणून तुम्हांलाच सांगते. आमचा थोरला आणि त्याचा चुलतभाऊ तीन महिने झाले एकमेकांशी बोलत नाहीत. शेताचा वाद नाही, पैशाचा नाही. एका चेंडूपायी भाऊ भावाला तोडून बसला आहे. त्या दोघांना एकदा समजावून सांगा."

ही दोन्ही मुले आमच्या ओळखीची आहेत. लहानपणी वेदीसेवक म्हणून ती जोडीने उभी राहत. आता कलबुर्गीस महाविद्यालयात शिकतात, एकाच खोलीत राहतात आणि महाविद्यालयाच्या एकाच संघातून खेळतात. मात्र एकाचे दैवत बंगळूर आणि दुसऱ्याचे हैदराबाद. २०२५ साली हैदराबादच्या संघाने आपले गाव सोडले. तो दिल्लीस गेला आणि नवे नाव घेऊन बसला. त्यावर पहिला म्हणाला, "तुझा संघ तुला न विचारताच घर सोडून पळाला!" दुसऱ्याने शिवी दिली, पहिल्याचा हात उठला, आणि तेव्हापासून एका खोलीत दोन चुली पेटू लागल्या.

वाचकहो, या भांडणास हसणे सोपे आहे. आम्हांस हसू आले नाही. कारण या दोघांनाही फुटबॉलचे वेड लावणारे आम्हीच. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी जुन्या सामन्यांच्या कथा ऐकल्या. रोग आमच्या घरून गेला असेल, तर औषधही आमच्याच घरून गेले पाहिजे.

प्रथम हैदराबादच्या पक्षाचे ऐकू. बिदरहून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटर आणि बंगळूर सातशेच्या घरात. आमच्या वाडवडिलांचे कज्जे, औषधोपचार, लग्नाचे बस्ते, सारे हैदराबादेस होत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात, आणि बिदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूर राज्यात. खुद्द आमच्या बिदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके निघून मराठवाड्याबरोबर गेले. औराद, भालकी इकडेच राहिले. मामाचे घर एका राज्यात, आत्याचे दुसऱ्या राज्यात! आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. आम्ही वडिलांना विचारले, "आता आपला संघ कोणता?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पंचांनी शिट्टी वाजवली म्हणून मन बाजू बदलत नाही, बाळा."

वडिलांचा संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. आमच्या मते या देशात त्याहून थोर संघ झाला नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५० साली मोहन बागानला नमवून ड्युरँड चषक हैदराबादेस आणला. १९५४ आणि १९५७ साली पुन्हा तो मिळवला. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेल्यानंतरही १९५७ साली हैदराबाद याच नावाच्या संघाने संतोष चषक राखला. पुढे पोलिसांच्या संघाचे नावही बदलून आंध्र पोलीस झाले. आमच्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट ही, की राज्ये आणि नावे बदलतात. खेळलेला खेळ मात्र कोणास पुसून टाकता येत नाही.

आता बंगळूरच्या पक्षाचे. त्याचेही चूक नाही. म्हैसूरचा संघ १९४६ सालीच संतोष चषक जिंकला होता, आणि १९५२ साली पुन्हा. आम्ही ज्या राज्याचे अन्न खातो, त्या राज्याच्या संघावर प्रेम करू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? मार्च २०२३ मध्ये रियाध येथे कर्नाटकाने मेघालयास ३-२ असे हरवून तब्बल चौपन्न वर्षांनी तो चषक परत आणला, त्या दिवशी आम्ही म्हाताऱ्याने घरात पेढे वाटले. आदल्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, हैदराबादने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले, तेव्हाही वाटले होते. त्या अंतिम सामन्यात केरळचे तीन पेनल्टी फटके अडवून हैदराबादला चषक मिळवून देणारा गोलरक्षक कोण? लक्ष्मीकांत कट्टीमनी. घर गोव्यात, आडनाव कानडी, आणि सदरा हैदराबादचा! आता सांगा, या माणसाची वाटणी आमच्या दोन बहाद्दरांनी कशी करावी?

संघानंतर प्रशिक्षकाची गोष्ट. याबाबत आमचे मत ठाम आहे आणि ते बदलण्याचे आमचे वय उरलेले नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तोडीचा प्रशिक्षक भारतास लाभला नाही. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, विद्यार्थीदशेत तेथील संघाचे खेळाडू, आणि पेशाने शाळामास्तर. १९५० पासून १९६३ पर्यंत हैदराबाद पोलीस आणि भारतीय संघ या दोहोंचा भार त्यांच्या शिरावर होता. मुलांचा कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून ते सवय नसलेल्या पायाने चेंडू मारण्याच्या स्पर्धा भरवीत. स्वार्थी खेळाची खोड जावी म्हणून चेंडू पायाशी घोळवीत न बसता सोबत्यास देण्याच्या स्पर्धा भरवीत. आमच्या संत जॉन बॉस्कोंनी ट्युरिनच्या रस्त्यांवरील पोरक्या मुलांना खेळाच्या अंगणातून माणसांत आणले. रहीमसाहेबांचा धर्म वेगळा, वाट वेगळी. पण मुलाचा पाय ओळखण्याआधी मूल ओळखावे, हे मर्म दोघांनाही कळले होते. सिकंदराबादेजवळच्या गरीब घरातील तुळसीदास बलराम याच्यापाशी सरावास येण्याचे भाडे नसे. रहीमसाहेब सायकलीचे भाडे आपल्या खिशातून देत. तोच बलराम भारताच्या श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक झाला.

त्यांना अपयश आले नाही असे मात्र कोणी समजू नये. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपणांस १०-१ असे धुळीस मिळवले. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. दुसरा एखादा मास्तर त्या दिवशी छडी ठेवून घरी गेला असता. रहीमसाहेबांनी चार वर्षे पुन्हा धडे गिरवले, आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईचा, गोमंतकीय कुळातला, आपल्यापैकीच एका कॅथॉलिक घरचा मुलगा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू होय.

आणि आता स्पर्धेच्या द्वेषाविषयी. कारण मूळ दुखणे तेच. कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. गंमत म्हणून ते गोडही आहे. परंतु १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा माणसे मृत्यू पावली. ती खेळ पाहण्यास घरून निघाली होती. त्या सोळा घरी त्या रात्री कोणत्या संघाचा विजय साजरा झाला असेल? पुढे कलकत्तेकरांनी १६ ऑगस्ट हा दिवस रक्तदानाने पाळण्याची प्रथा पाडली. द्वेषाने सांडलेल्या रक्ताचे एवढेच प्रायश्चित्त माणसाच्या हाती असते.

तुम्ही म्हणाल, कलकत्ता लांब, ती दंगल लांब. आमची मुले काही कोणाचा जीव घेत नाहीत. म्हणून आम्ही स्वतःचा एक दोष सांगतो. साठ वर्षांत तो आम्ही पापनिवेदनात सांगितला. चारचौघांत कधी सांगितला नाही.

१९६६ च्या सुमारास आम्ही हैदराबादेस महाविद्यालयात शिकत होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता. आमच्या शेजारी आमचा खोलीतला सोबती बसला होता. तो गुलबर्ग्याकडचा, घरी कानडी बोलणारा. आमच्या दोघांचे बोलणे दखनीत चाले. सामना बरोबरीत होता. शेवटच्या काही मिनिटांत प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने चेंडूवर झेप घेतली आणि आमच्या खेळाडूचा बूट त्याच्या हातावर पडला. तो मुलगा विव्हळत लोळू लागला. आणि आम्ही टाळी वाजवली. होय, आम्ही उभे राहून, हसून, टाळी वाजवली. बदली गोलरक्षक कच्चा होता. आमचा संघ जिंकला.

सोबती एक शब्दही न बोलता उठला आणि मैदानात गेला. त्या जखमी मुलाला उचलून नेणाऱ्या चौघांत तो एक होता. रात्री फार उशिरा खोलीवर परतला. आम्ही जागे होतो. दिवा मालवताना तो एवढेच म्हणाला, "तुम्हारी टीम जीत गई ना? अब सो जाओ."

आम्ही झोपू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी धीर करून रुग्णालयात गेलो. खाट रिकामी होती. घरची माणसे पहाटेच त्या मुलाला गावी घेऊन गेली होती. दोन बोटे कायमची वाकडी राहतील, असे परिचारिकेने सांगितले. त्याचे गाव कोणते, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. आणि पुढे विचारावयास कोणी उरले नाही. त्या सामन्याचा चषक आज कोणत्या कपाटात आहे, हे ठाऊक नाही. आमची ती टाळी मात्र आम्हांस अजून ऐकू येते.

म्हणून आम्ही त्या दोन मुलांना सोमवारी घरी बोलावले. एक ओसरीच्या या टोकास बसला, दुसरा त्या टोकास. उपदेश केला नाही. जकार्ताची गोष्ट सांगितली. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत राजकीय कारणावरून तेथील जनता भारतावर खवळली होती. अंतिम सामन्यास लाखभर प्रेक्षक, आणि सारे विरुद्ध. समोर दक्षिण कोरिया, ज्याने गटसामन्यात आपणांस २-० असे हरवले होते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्यास टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीस खेळवले आणि त्याने गोल केला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा. भारत २-१ असा जिंकला. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग पोखरत होता; ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यानंतर आजवर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास पुन्हा मिळालेले नाही.

मग आम्ही विचारले, "त्या संघात कोण कोण होते?" चुनी गोस्वामी आणि जर्नेलसिंग मोहन बागानचे. बलराम ईस्ट बंगालचा. फ्रँको मुंबईच्या टाटांचा. युसुफ खान हैदराबादचा. आणि गोलात हैदराबादेस जन्मलेला पीटर थंगराज, जो पुढेमागे कलकत्त्याच्या मोहमेडन, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या तिन्ही वैरी संघांकडून खेळला. वर्षभर एकमेकांच्या नडग्या फोडणारे हे लोक एका शाळामास्तराच्या शब्दावर एकमेकांस चेंडू देत राहिले. रहीमसाहेबांनी त्यांना आपापला संघ सोडा असे सांगितले नव्हते. चेंडू सोबत्यास द्या, एवढेच शिकवले होते.

मुले ऐकत होती. हैदराबादवाला खाली पाहत म्हणाला, "पण आजोबा, आता माझा संघच उरला नाही." या एका वाक्यात त्या पोराचे सारे दुःख होते, आणि चिडवणाऱ्याने नेमके तेच पाहिले नव्हते. आम्ही त्यास वडिलांचे ते जुने वाक्य सांगितले. मग दुसऱ्याकडे वळून म्हटले, "ज्याचे घर मोडले, त्याला तू हसलास. मीही एकदा हसलो होतो." आणि टाळीची गोष्ट सांगितली.

दोघेही काही न बोलता उठले. जाताना दारात पायताण घालताना मात्र थोरल्याने दुसऱ्याची वाट पाहिली. तेवढेच आम्ही पाहिले. अधिक सांगितले तर ती अतिशयोक्ती होईल.

वेदीपाशी अर्पण आणण्यापूर्वी भावाशी समेट करून ये, ही प्रभूची आज्ञा आपण सारे जाणतो. वाचकहो, आपल्या घरीही असा एखादा अबोला असेल. कारण चेंडूचे असो, बांधाचे असो वा भाषेचे. साठ वर्षांपूर्वी आम्ही एका दिवसाचा उशीर केला आणि खाट रिकामी मिळाली. आपण तो उशीर करू नये. येत्या रविवारी मिस्सेत शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येईल, तेव्हा ओसरीवरचे ते दोघे कोणत्या बाकावर बसले आहेत, हे आम्ही मागून हळूच पाहणार आहोत.