सल्ला लग्नानंतर लगेच हवा

गर्भकालीन मधुमेहाचे निदान झाले की आपल्या बालाघाटात पहिली कुऱ्हाड भातावर कोसळते. “भात बंद करा” एवढ्यात आहाराचा सल्ला आटोपतो. घरी सासूबाई तो शब्दशः पाळतात आणि चिन्नोर पिकविणाऱ्या घरची सून दोन पोळ्यांवर अर्धपोटी राहते. भाताला आवर घालून ताटात वरण, भाजी, ताक वाढवावे, याबद्दल दुमत नाही. परंतु आपला सल्ला उशिरा पोहोचतो आणि तो काय खावे यापेक्षा काय सोडावे हेच सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला मुंबईतील एका अभ्यासाचा आधार आहे. २००६ ते २०१२ या काळात तेथील झोपडपट्ट्यांत ‘सरस’ हा प्रकल्प राबविला गेला. ६,५१३ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. एका गटास रोज हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घालून केलेला खाऊ मिळे. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असे जिन्नस असत. नेहमीचे जेवण दोन्हीकडे तसेच राहिले. महत्त्वाचे म्हणजे हा खाऊ गर्भधारणेपूर्वीच सुरू झाला. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची साखरेची तपासणी होऊ शकली अशा सुमारे हजार गर्भवतींपैकी बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के स्त्रियांना मधुमेह आढळला. कोणाच्याही ताटातील भात कोणी काढून घेतला नव्हता!

याउलट, ब्रिटनमध्ये स्थूल गर्भवतींना चौथ्या महिन्याच्या सुमारास आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सुरू केले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण घटले नाही, असे २०१५ साली दिसून आले. त्या स्त्रिया वेगळ्या, त्यांचा आहार वेगळा; शिवाय मुंबईतही सर्वांची तपासणी झाली नव्हती. त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही आरंभ केव्हा करावा, हा प्रश्न त्यातून पुढे येतोच. वारेतील संप्रेरकांमुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते. जिचे स्वादुपिंड त्यास पुरे पडत नाही, तिची साखर चढते. या परीक्षेला स्त्री जे शरीर घेऊन बसते, ते आधीच्या वर्षांत घडलेले असते.

आणि त्या वर्षांत आपण तिला काय वाढतो? मुनग्याचा पाला, अंबाडी, चवळाई आपल्या परसात असते, पेरूचे झाड असते, अनेक घरी गायही असते. पण सून सर्वांच्या शेवटी जेवते. तोवर भाजीचे भांडे खरवडलेले असते आणि दूध चहात गेलेले असते. तिच्या खाण्याचे कौतुक डोहाळजेवणाला, बहुधा सातव्या महिन्यात, तेही गोडधोडाने! मधुमेहाची दुसरी चाचणी २४ ते २८ आठवड्यांत करावयाची असते, म्हणजे हा सोहळा होईतो निकाल बहुधा हाती आलेला असतो.

म्हणून माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे की, नवविवाहिता ताप-खोकल्यासाठी आली तरी तिच्या ताटाची चौकशी करावी, आणि ती सासू व नवरा यांच्यासमक्ष करावी. एकट्या मुलीला सांगून भागत नाही. भाजी वाढणारा हात तिचा नसतो.

ज्यांना निदान झालेच आहे, त्यांनी मात्र पालेभाजीच्या भरवशावर राहू नये. शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार, दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर औषध सुरू करावे लागते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. बारशाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते.